बालपणीचे सुख आणि त्याचे ऋण

बालपणीच्या आठवणी गोड असतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. उतारवयातील माणूस आपल्या लहानपणाविषयी बोलू लागला की ऐकणारेही आपला चेहरा आधीच प्रसन्न करून बसतात; कारण आता परसातले आंब्याचे झाड येणार, आजीच्या गोष्टी येणार आणि शेवटी ‘ते दिवस गेले’ असा सुस्कारा येणार, हे त्यांस ठाऊक असते. या प्रघातास आमचा विरोध नाही. मागे वळून पाहता ज्यास एकही झाड दिसत नाही, त्याचे दैव खडतरच म्हटले पाहिजे. परंतु आठवण गोड असणे आणि ती खरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या सुखाची आठवण काढणाऱ्याने ते सुख कोणाच्या कष्टांवर उभे होते याचीही आठवण ठेवली पाहिजे काय, हा प्रश्न यातूनच उत्पन्न होतो. आणि त्याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो यथाशक्ति करावयाचा आहे.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष दोन कारणांनी वेधले. एक घडले अकोल्यास, एका लग्नाच्या मांडवात. दुसरे घडले ते नायजेरिया या दूरच्या देशातील दोन लेखकांनी आपल्या बालपणाविषयी लिहिलेले वाचताना. पहिल्यावाचून दुसऱ्याचा अर्थ आम्हांस कळला नसता. म्हणून आधी पहिले सांगतो.

आमचे बिऱ्हाड अमरावतीस बुधवाऱ्यात होते. शेती मात्र बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना जे कुरूम स्टेशन लागते, त्याच्या जवळच्या एका गावी होती. तेथे जुना वाडा होता. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत आम्हां सर्व चुलत-आत्तेभावंडांचा तळ त्या वाड्यात पडे. पंधरा-सोळा मुले एका पंगतीस बसत. कोणाचे पोर कोणते, हे वाढणाऱ्यासही पाहावे लागत नसे. आमच्या आत्याच्या हातचा गोळाभात, हिवाळ्यात शेतावरचा हुरडा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि त्यांबरोबर वांग्याची भाजी, यांची चव सांगू लागलो तर हा लेख भलत्याच विषयाकडे जाईल. परंतु या सर्व सुखांहून मोठे सुख एकच होते. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की माजघरामागच्या लांब खोलीत कापूस आढ्यापर्यंत रचीत. दुपारी वडील माणसे निजली की आम्ही माळ्यावर चढत असू आणि तेथून त्या ढिगात उड्या टाकीत असू. कापसात पडताना आवाज होत नाही, लागत नाही, आणि क्षणभर सारे जग पांढरे होऊन जाते. आकाशातून पडणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असेल असे आम्हांस वाटत नाही.

ही आठवण आम्ही आयुष्यभर सांगत आलो. मुलांस सांगितली, नातवंडांस सांगितली. काही वर्षांपूर्वी अकोल्यास एका लग्नात आमच्याच वयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आपली ओळख दिली. आमच्या वाड्यावर जे सालदार होते, त्यांचे हे चिरंजीव. साठ वर्षांनी भेट झाली होती. आम्हांस भरून आले आणि आम्ही लगेच म्हणालो, “कापसातल्या उड्या आठवतात का?”

“आठवतात ना, भाऊ,” ते हसून म्हणाले. “तुम्ही उड्या मारून गेले की तो कापूस पुन्हा रचायचं काम बाबांचं आणि माझं. त्यात पडलेला काडीकचरा वेचून काढावा लागे. कचरा राहिला तर बाजारात भाव पडे, अन् बोलणी बाबांना बसत.”

त्यांच्या हसण्यात तक्रार नव्हती. आम्ही सुखाची गोष्ट काढली होती, तिचा उरलेला भाग त्यांनी सांगितला, इतकेच. एकाच खोलीतील एकाच दुपारच्या या दोन आठवणी होत. दोन्ही खऱ्या, परंतु त्यांपैकी एक दुसरीवाचून अपुरी होती, आणि ती आमची होती. त्यांची आठवण पुरी होती. कारण आमच्या उड्या त्यांनी खोलीच्या दारातून पाहिल्या होत्या.

मग बोलणे वाढले आणि आणखी एक गोष्ट निघाली. वाड्याच्या ओसरीत, दाराच्या बाहेरच्या अंगास, एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप असे. तो सालदारांचा कप. चहा वरून ओतीत. पिऊन झाल्यावर ते तो आपल्या हाताने विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवीत. आम्हांस त्यात काही विशेष वाटले नव्हते. देवघरात देव असतात, तसा कोनाड्यात कप असतो, एवढीच आमची समजूत होती. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज लिहिताना आम्ही सालदारांविषयी आदरार्थी बोलत आहो. त्या वेळी आठ वर्षांचे आम्ही त्या चाळीस वर्षांच्या गृहस्थांस नुसत्या नावाने, एकेरी हाक मारीत असू, आणि ते आम्हांस ‘बाबूसाहेब’ म्हणत. हे लपवून आजच्या व्याकरणाने कालचा व्यवहार सुधारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९५६ सालच्या दसऱ्यास आम्ही कुरूम स्टेशनवर उतरलो, तर आम्हांस न्यावयास दमणी आलेली नव्हती. उन्हातून चालत जावे लागले, आणि आम्ही रडलो. त्या दसऱ्याची आमची आठवण एवढीच. दमणी का आली नाही, हे आम्हांस त्या लग्नमंडपात कळले. त्या दिवशी, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वऱ्हाडातून गाड्याच्या गाड्या भरून माणसे गेली, त्यांत आमचे सालदार, त्यांची पत्नी आणि हे चिरंजीव होते. परत आल्यावर सालदारांनी काम पूर्वीप्रमाणेच केले. मात्र आमच्या घरचा चहा पुन्हा घेतला नाही. आजी म्हणाली, “यानं चहा सोडला वाटतं.” घरात कोणासही याहून अधिक विचारावेसे वाटले नाही. पुढच्या पाडव्यास साल संपले तेव्हा ते अकोल्यास गेले आणि एका जिनिंग कारखान्यात कामास लागले. रिकामा कप कोनाड्यात कित्येक वर्षे तसाच होता. ज्या माणसाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा निश्चय केला, त्याच्या त्या निश्चयाची आमच्या घरातील नोंद ‘चहा सोडला’ अशी झाली, आणि आमच्या मनातील नोंद ‘दमणी आली नाही’ अशी.

हे ओझे घेऊन आम्ही अमरावतीस परत आलो, तो टेबलावर वोले सोयिंका यांचे ‘आके’ हे पुस्तक अर्धे वाचलेले पडले होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात सोयिंकांनी आपल्या बालपणाची हकीगत सांगितली आहे. पुढे १९८६ साली त्यांस साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. नायजेरिया म्हटले की आमच्या वाचकांस तो देश फार लांबचा वाटेल. परंतु कापसाच्या हिशेबात तो आणि वऱ्हाड एकाच वहीत लिहिले गेले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे दिवस आले. पुढे १९०२ साली इंग्रज गिरणीवाल्यांनी साम्राज्यात इतरत्र कापूस पिकवण्यासाठी एक संस्था काढली आणि तिची दृष्टी उत्तर नायजेरियाकडे वळली. कापसाच्या आशेने तेथील कानो शहरापर्यंत आगगाडीही नेण्यात आली; पण तेथल्या शेतकऱ्यांनी आपला फायदा पाहिला आणि कापसाऐवजी भुईमूग पेरला. तात्पर्य, ज्यांच्या घरातील मुलांविषयी आपण वाचत आहो ती माणसे अगदीच परक्या जगातील नाहीत.

सोयिंकांचा जन्म १९३४ सालचा, अबेओकुटा या योरुबा लोकांच्या शहरातला. आके हा त्या शहराचाच एक भाग. वडील मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक. आई दुकान चालवणारी, कडक ख्रिस्ती धर्मनिष्ठ. घर म्हणजे आमच्या वाड्यासारखीच धर्मशाळा: आईच्या खोलीत स्वतःची मुले, नात्यातली मुले, कोणी शिकण्यासाठी ठेवलेली मुले, सर्व एका ओळीने चटयांवर निजत. वडीलधाऱ्यांसमोर वाकून नमस्कार करावा, त्यांच्या शब्दास उलट उत्तर देऊ नये, पाहुणा आला की मुलाचे ताट लहान व्हावे, हे सर्व वाचताना आम्हांस वरचेवर हसू येत होते. कारण नावे बदलली तर हे कुरूमजवळचे गावच होते.

परंतु पुस्तकाच्या शेवटाकडे एक गोष्ट येते आणि तेथे आमचे हसू थांबले. १९४० नंतरच्या त्या वर्षांत अबेओकुटाच्या बाजारात बसणाऱ्या बायकांवर कर लादला गेला होता आणि त्याची वसुली जुलमाने होत होती. शिकलेल्या घरांतील स्त्रिया आणि बाजारातील निरक्षर स्त्रिया एकत्र आल्या. त्यांच्या पुढारी फुनमिलायो रॅन्सम-कुटी या सोयिंकांच्याच नात्यातल्या. ही चळवळ इतकी वाढली की १९४९ साली तेथील राजास गादी सोडावी लागली. लहानगा वोले या बायकांचे निरोप इकडून तिकडे पोहोचवीत होता. म्हणजे सुखवस्तू घरातले एक मूल, आमच्याच सारखे. पण त्याच्या आठवणीत बाजारातली भाजीवाली आहे, तिच्यावरचा कर आहे, तिचा अपमान आहे. हे त्याच्या बुद्धीचे तेज असेल. परंतु आमच्या मते त्याचे मुख्य कारण असे की त्याच्या घरातील मोठ्या माणसांनी दार उघडे ठेवले होते. मूल तेच पाहते, जे त्यास पाहू दिले जाते.

दुसरे लेखक चिनुआ अचेबे. हे इग्बो लोकांपैकी, जन्म १९३०, ओगिडी गावचा, वडील धर्मोपदेशक. १९७३ सालच्या एका निबंधात त्यांनी आपल्या लहानपणची एक आठवण दिली आहे. गावात जुन्या देवांस मानणारे शेजारी होते आणि त्यांच्या सणाचे अन्न ख्रिस्ती मुलांस वर्ज्य होते. तरी हा मुलगा आणि त्याची बहीण तेथे जाऊन ते खात, आणि मूर्तिपूजेची म्हणून काही निराळी चव त्यांस लागली नाही. हे वाचले आणि आम्हांस आमच्या सालदारांच्या घरची आंबाडीची भाजी आठवली. एकदा खेळता खेळता आम्ही तेथे गेलो होतो. भूक लागली होती. त्या माउलीने ज्वारीची भाकरी आणि भाजी हातावर ठेवली आणि म्हटले, “घरी सांगू नोको, बाप्पा.” आम्ही सांगितले, मुलांच्या पोटात भाकरी राहते, गुपित राहत नाही. आजी रागावली नाही. तिने फक्त आम्हांस न्हाणीत नेऊन डोक्यावरून पाणी घातले. इतकी वर्षे ती आंघोळ आमच्या स्मृतीत एक गंमत म्हणून राहिली होती. खरी गंमत अशी की ‘सांगू नोको’ म्हणणाऱ्या बाईस जे समजत होते, ते आम्हांस समजावयास साठ वर्षे लागली. तिला स्वतःच्या भाकरीची भीती वाटत होती.

अचेबे यांनी याहून कठीण गोष्टही लिहिली आहे. इग्बो समाजात ‘ओसू’ म्हणून एक वर्ग होता. देवास वाहिलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्याशी इतरांनी सोयरीक करावयाची नाही, असा निर्बंध. १९६० सालच्या त्यांच्या कादंबरीत एक विलायतेत शिकून आलेला तरुण अशा मुलीशी लग्न करू पाहतो. त्याचा बाप असा की ज्याने तरुणपणी ख्रिस्ती धर्मासाठी स्वतःच्या बापाशी संबंध तोडला, गावचे सगळे देव टाकून दिले. परंतु ओसू मुलगी घरात घेण्यास मात्र तो तयार होत नाही. देव सुटले, विटाळ सुटला नाही. पूर्व नायजेरियात कायद्याने ही प्रथा १९५६ साली रद्द केली. आपल्या संविधानाने अस्पृश्यता १९५० साली नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. त्यानंतरच्या वर्षी आमच्या ओसरीत तो कप होता. दोन खंडांतील दोन कायदे जवळजवळ एकाच वेळी झाले आणि दोहोंसही घराचा उंबरठा ओलांडताना अडखळावे लागले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आमच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. यावर कोणी म्हणेल, आठ वर्षांच्या मुलाने काय अपराध केला? काहीच नाही, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो. कापसात उडी मारणे हे पाप नव्हे. मुलास जे ठाऊक नाही त्याबद्दल त्यास दोषी धरणे हा न्याय नव्हे. परंतु दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बापाने काढलेल्या कर्जाबद्दल मुलगा अपराधी नसतो, तरी वारसा घेतला की कर्ज त्याच्याकडे येते. बालपणीचे सुख हा आमचा वारसा आहे. तो आम्ही आनंदाने घेतला, पुन्हा पुन्हा वाटला, मिरवला. मग त्याबरोबरची देणी नाकारण्याचा हक्क आम्हांस कसा पोहोचतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की वडील माणसे आपल्या काळाप्रमाणे वागली. आजच्या मापाने त्यांस मोजणे अन्यायाचे आहे. आमचे वडील अप्रामाणिक गृहस्थ नव्हते. गाडगे महाराजांचे कीर्तन त्यांनी अनेकदा ऐकले होते, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ महाराजांचा अंत झाला तेव्हा अमरावतीच्या त्या अंत्ययात्रेत ते डोळे पुशीत चालले होते. जातिभेदावर इतके सोपे आणि इतके कठोर बोलणारा दुसरा माणूस वऱ्हाडाने पाहिला नाही. ते बोलणे वडिलांस पाठ होते. आणि कप कोनाड्यात होता. ‘काळ’ हे याचे उत्तर आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कारण त्याच काळात, त्याच अमरावतीत, १९२७ साली अंबादेवीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून चळवळ झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली, डॉ. पंजाबराव देशमुखांसारखी तरुण मंडळी त्या चळवळीच्या पाठीशी उभी राहिली. आमचे वडील तेव्हा अमरावतीस शाळेत शिकत होते. एका गावात एका वेळी दोन काळ नांदत असतात. कोणत्या काळात राहावयाचे, हे काही अंशी तरी माणसाच्या हाती असते. म्हणून ‘तो काळच तसा होता’ हे वाक्य आम्ही आता वापरीत नाही.

तथापि, यावरून वडिलांस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असेही आमचे म्हणणे नाही. त्यांनी आम्हांस खांद्यावर घेऊन ज्या प्रेमाने सीमोल्लंघन दाखवले ते प्रेम खोटे नव्हते. प्रेम खरे आणि कपही खरा, या दोहोंस एका मनात जागा देणे कठीण आहे. आणि बहुतेक माणसे त्यांपैकी एक टाकून मोकळी होतात. कोणी प्रेम ठेवतो आणि कप विसरतो; त्याची आठवण साखरेचा पाक होऊन बसते. कोणी कप ठेवतो आणि प्रेम नाकारतो. तो स्वतःस पूर्वजांहून श्रेष्ठ समजण्याचे सुख मिळवतो, आणि ते सुखही फार स्वस्त असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची थोरवी आम्हांस येथेच दिसते. त्यांचे वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले होते आणि सारे घर त्यापायी जिकिरीस आले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः धर्मांतर केले, आणि जातीची भावना आपल्या मनातून कशी कष्टाने, पायरी पायरीने गेली तेही सांगितले. त्यांच्या सांगण्यात हसू आहे, पण लपवाछपवी नाही. माया आहे, पण आंधळेपणा नाही. १९३४ साली ज्या मराठी वाचकांनी त्या पुस्तकाचा पहिला भाग हाती घेतला, त्यांस आठवण कशी सांगावी याचा वस्तुपाठ मिळाला होता. पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले, तेव्हा आमच्या कोनाड्याची दुसरी बाजूही मराठीत लिहिली गेली. आम्ही ती पुस्तके वाचली, वाखाणली. आणि आमचा कप मात्र आमच्या ध्यानात आला नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातील कप ओळखणे सोपे असते.

परंतु ऋण केवळ ओसरीबाहेरच होते असे समजणे चुकीचे होईल. ज्या आत्याच्या हातच्या गोळाभाताचा उल्लेख वर केला, ती नवव्या वर्षी सासरी गेली आणि बाराव्या वर्षी विधवा होऊन परत आली. मुलींचे विवाहाचे वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला. तिच्या लग्नास तेव्हा सहा वर्षे होऊन गेली होती. पुढची पन्नास वर्षे ती त्या वाड्यात सर्वांच्या आधी उठली आणि सर्वांच्या मागून जेवली. तिच्या अखेरच्या वर्षांत ती अमरावतीस आमच्याकडे होती. एकदा सहज आम्ही म्हटले, “आत्या, तुझ्या लहानपणचं काही सांग ना.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला कोणी विचारलंच नाही रे बाबू. आता आठवू म्हटलं तर काही सापडत नाही.”

रात्री, दिवा मालवल्यानंतर, तिने एकदम अंधारातून सांगितले की तिच्या शेवटच्या भुलाबाईला गाणी संपल्यावर खिरापत काय आहे ते कोणालाच ओळखता येईना. तिळाच्या वड्या होत्या, आणि त्या तिने ओळखल्या होत्या. “मीच ओळखल्या होत्या,” ती पुन्हा म्हणाली. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिच्या बालपणाची एवढीच मालमत्ता शिल्लक होती, आणि तीही कोणी विचारले म्हणून सापडली.

आठवण ही माणसाच्या मनात आपोआप साठते आणि हवी तेव्हा काढता येते, अशी आपली समजूत असते. आत्याच्या उत्तराने ती आमच्यापुरती खोटी ठरली. ज्याचे कोणी ऐकतो, त्याच्या आठवणी टिकतात. ज्यास कोणी विचारीत नाही, त्याचे बालपण त्याच्याजवळूनही नाहीसे होते. आमच्या कापसाच्या गोष्टीस ऐकणारे होते म्हणून ती साठ वर्षे ताजी राहिली. आत्याची तिळाची वडी आणि सालदारांचा नागपूरचा प्रवास यांस आमच्या घरात ऐकणारे नव्हते. येथे आमच्या प्रश्नाचे उत्तर, आम्हांस जितके मिळाले तितके, येते. सुखाच्या आठवणीवरचे ऋण पैशाने फिटत नाही, पश्चात्तापाच्या भाषणांनीही फिटत नाही. ते विचारण्याने थोडेसे हलके होते: त्या वेळी तुम्ही कोठे होता, तुम्ही काय पाहिले, हे त्या माणसांस, आणि ती नसतील तर त्यांच्या मुलांस विचारावे, आणि जे कळेल ते आपल्या गोष्टीत तिची गोडी बिघडली तरी घालावे. कित्येकदा उत्तर मिळणार नाही. विचारले जाण्याचा कंटाळा येण्याचा हक्कही त्यांस आहे, आणि तो आपण मानला पाहिजे.

मागल्या दिवाळीत नातवंडांनी पुन्हा कापसाची गोष्ट मागितली. आम्ही ती सांगितली. माळा, उडी, पांढरे जग, सर्व सांगितले. मग कापूस पुन्हा कोण रचीत असे तेही सांगितले, आणि कपही सांगितला. मोठी मुले गप्प झाली. धाकट्या नातीने विचारले, “मग तो मुलगा कुठे झोपायचा?” हे आम्हांस ठाऊक नव्हते. उद्या विचारून सांगतो, असे म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्यास दूरध्वनी केला. त्या गृहस्थांस प्रश्नाचे नवल वाटले असावे, कारण ते क्षणभर थांबले. वेचणीच्या दिवसांत ते आणि त्यांचे वडील वाड्याबाहेरच्या कोठ्यात, बैलांशेजारी निजत, असे त्यांनी सांगितले. कापूस आत होता, आणि त्याची राखण बाहेरून करावी लागे.